घरटी एक माणूस

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
वाराणसी

या वहीतली शेवटची नोंद १४ जानेवारी २०२४ ची आहे. त्यानंतर दोन वर्षे मी हिच्यात एक ओळ लिहिली नाही, याबद्दल जो कोणी ही वाचेल त्याची क्षमा मागते. वेळ नव्हता असे नाही. पुढची नोंद कोणती असायला हवी हे माहीत होते, म्हणून वही उघडली नाही.

मी, अंबिका रत्नाकर टोणपे, वय वर्षे सत्तेचाळीस, अविवाहित, व्यवसाय महाविद्यालयातील ग्रंथपाल, राहणार अहिल्याबाई घाटावरील गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते. येत्या तेवीस तारखेला हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. सही करायला दिलेल्या कागदांत मात्र ते कारण चार ठिकाणी छापलेले आहे.

१. दोन खोल्या आणि गच्ची माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या माझा धाकटा भाऊ सुमंत, राहणार इंदूर, याला मिळाव्यात. तोच या पत्राचा व्यवस्थापक. सुमंत, तू घर विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. फक्त हॉटेलवाल्याला विकलेस तर ‘ताईची तशी इच्छा होती’ असे कोणाला सांगू नकोस.

२. भविष्य निर्वाह निधी, बँकेतली ठेव आणि आईच्या दोन बांगड्या सुमंतची मुलगी स्वरदा हिला. तिने काय शिकावे यावर माझी अट नाही. पुस्तके महाविद्यालयाला देऊ नयेत. तिथे ती कुलपात जातील. एकवीस वर्षे ते कुलूप मीच लावते आहे.

३. ‘काशीतले मराठी’ हा फेसबुकवरचा ग्रुप. तो मी आणि श्रीनिवासकाकांनी २०११ साली सुरू केला. काका निवृत्त शिक्षक, शेजारच्या गल्लीतले. आमच्यासारखी पाच-सहा पिढ्या इथे राहिलेली चाळीसेक घरे, त्यांची मुले बाहेरगावी, म्हणून हा ग्रुप. त्याच्या माथ्यावर मी आमच्या लोकांची जुनी रीत लिहून ठेवली होती : कोणाकडे मृत्यू झाला तर घरटी एक माणूस मणिकर्णिकेवर येईल. निमंत्रण लागत नाही, ओळख लागत नाही.

पुढे बँक, रेल्वे, विद्यापीठ यांत बदलून आलेले लोक येऊ लागले. आम्ही त्यांना ‘बदलीवाले’ म्हणायचो, तोंडावरसुद्धा. मी नियम केला : आधी परिचय लिहावा, मूळ गाव कोणते, काशीत किती पिढ्या, ओळखीचे कोण. जुन्यांपैकी कोणी स्वागत करीपर्यंत नव्याची पोस्ट माझ्या मंजुरीशिवाय दिसणार नाही, फोन नंबरांची यादीही मिळणार नाही. एकाने विचारले, “ताई, हा ग्रुप आहे की तहसील कचेरी?” त्याला मी काढून टाकले. तो विनोद चांगला होता हे आज लिहिते.

त्यांचीही बाजू स्वच्छ नव्हती. जे वर लिहून ठेवले आहे ते न वाचता दर आठवड्याला तोच प्रश्न : गोडा मसाला कुठे मिळेल? आमच्या बोलण्याला हसायचे. पुण्यात असे नसते म्हणायचे. तीन वर्षांनी निघून जायचे ते निरोपही न घेता. हे मी रागाने लिहिते आहे आणि पुसणार नाही.

४. आईचा फोन सुमंतने ठेवावा, पुसून कोणाला देऊ नये. आई, म्हणजे गीता रत्नाकर टोणपे, चौऱ्याहत्तराव्या वर्षी टाइप करायला शिकली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने ग्रुपवर पहिली पोस्ट लिहिली : “घाटावर पानी चढलं. आज नाव नाही चलणार. सगळे ठीक आहा ना?” त्याखाली हिमानी नावाच्या नव्या बाईने लिहिले, “काकू, हे मराठी आहे की हिंदी?” पुढे हसरा चेहरा. हिमानी नाशिकहून बँकेत आलेली, रामनगरला राहणारी. तिने परिचयात पिढ्यांच्या रकान्यात ‘एक, मीच’ असे लिहिले होते, म्हणून मी तिला अडकवून ठेवले होते. पोस्ट नाही तरी कमेंट करता यायची.

आईने आपली पोस्ट काढून टाकली. मला म्हणाली, “जाऊ दे गं, खरंच तर विचारते आहे.” पुन्हा तिने काही लिहिले नाही. नोव्हेंबरात ती गेली. मणिकर्णिकेवर एक्केचाळीस माणसे आली होती. मी घरीच होते, ही मोजणी काकांची.

५. हे कलम कोणाला काही देत नाही. तरी ते मृत्युपत्राचा भाग समजावे.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत. सकाळी साडेसहाला मंजुरीसाठी बारा पोस्ट थांबल्या होत्या. अकरा तिळगुळाच्या चित्रांच्या, त्या मी एकेक करून मंजूर केल्या. बारावीवर हिमानीचे नाव होते. मी ती उघडली नाही. नेट गेले नव्हते, नजरचूक नव्हती. नाव वाचले, आईची आठवण आली आणि मनात म्हटले, थांब आता. हे शब्द मी दोन वर्षे रोज तपासले आहेत. हेच होते.

बुधवारी उघडली. तिचे वडील सोमवारी पहाटे गेले होते. तिने लिहिले होते : “आम्ही नऊ वाजता मणिकर्णिकेवर पोहोचू. आपल्या पद्धतीने करणारे गुरुजी कोणी सांगेल का? घरटी एक येतील तोवर थांबतो.”

ते धुक्यात बारापर्यंत थांबले. ती, तिचा नवरा ओजस आणि बँकेचे दोन पहारेकरी. शेवटी हिमानी आणि ओजसबरोबर त्या दोन पहारेकऱ्यांनीच खांदा दिला.

मी ती पोस्ट मंजूर केली आणि खाली लिहिले, “तांत्रिक अडचणीमुळे उशीर झाला. क्षमस्व.” तासाभराने तिची कमेंट आली : “तुमच्या आईच्या वेळी आमच्या घरून ओजस आला होता. नियम वाचूनच आला होता.” मग तिने ग्रुप सोडला. तिच्यामागून सगळे नवे गेले. काकांनी लिहिले, “चला, भीड कमी झाली.” आमच्या बोलण्यात भीड म्हणजे गर्दी. त्यावर छत्तीस अंगठे उमटले. त्यांत माझा नव्हता, पण तो नसण्याची फुशारकी मी मारू शकत नाही.

६. ग्रुपची मालकी अशी काही असेल तर ती कोणालाच देत नाही. आता तिथे वाढदिवसांखेरीज काही नसते. गुरुजी, नावाडी, डॉक्टर आणि चाळीस घरांचे नंबर यांची यादी हिमानीने काढलेल्या नव्या ग्रुपला द्यावी. त्यांना परिचय विचारू नये.

७. श्रीनिवासकाकांना माझा पितळी दिवा द्यायचा होता. तो द्यावाच. परवा, शुक्रवारी, ते याच्या आधीच्या मसुद्यावर साक्षीदाराची सही करायला आले आणि कलम पाचवर थांबले.

“हे हटव, अंबू.”

“का?”

“का म्हणजे? तू तर निघून जाशील. मुँह आम्हाला दाखवायचं आहे.”

“काका, पोस्ट मी दाबली. तुमचं नाव कुठं लिहिलंय मी?”

“तेच तर! तू एकटीचं लिहून मोकळी होतेस. बुधवारी सगळ्यांना मालूम झालं होतं ना? तेरावं व्हायचं होतं. कोण गेलं? मी गेलो? रामनगर काय विलायतेत आहे?”

“मग तेही लिहू?”

“काहीच नको लिहू! चाय ठेव.”

चहा त्यांनी पूर्ण घेतला. पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिले आणि जिना उतरून गेले. एवढी खरी गोष्ट गेल्या दोन वर्षांत ग्रुपमधल्या कोणी बोललेली नाही, म्हणून दिवा.

८. माझ्या वेळी ग्रुपवर पोस्ट टाकू नये. सुमंत पोहोचेपर्यंत थांबावे, नाही पोहोचला तर थांबू नये. हे दुःखाने लिहिलेले नाही. जी रीत मी मोडली तिच्यावर माझा हक्क सांगणे मला जमणार नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्हीकडे आद्याक्षरे केली आहेत.

स्वाक्षरी : अंबिका रत्नाकर टोणपे

तिने आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर :
१) बैजनाथ मौर्य, शिंपी, तळमजला
२) कुसुम केसरी, गृहिणी, समोरचे घर

वाराणसी, ८ फेब्रुवारी २०२६, दुपारी चार.

सह्यांनंतरची नोंद, मृत्युपत्राचा भाग नाही :

दोघांनाही मराठी वाचता येत नाही. कायद्याने त्यांना मजकूर कळण्याची गरज नसते, वकिलांना विचारले आहे. यात काही गडबड तर नाही ना, असे बैजनाथने आपल्या बोलीत विचारले, “दीदी, एमें कउनो गड़बड़ त नाहीं हौ?” मी म्हटले, “है.” तो हसला आणि सही केली.

ते गेल्यावर मृत्युपत्र पुन्हा वाचले. कलम पाच ज्यांना कळायला हवे त्यांना ते मी गेल्यावरच कळेल, आणि उत्तर द्यायला मी नसेन. तशीच सोय मी करून ठेवली आहे. ऑपरेशन नीट झाले तर तेही नाही, वही कपाटात राहील आणि मी वाचल्याचे पेढे वाटीन.

उद्या : बँक उघडायच्या आत रामनगरला जाऊन कलम पाच हिमानीला वाचून दाखवणे.