एकाच मजकुराची पत्रं

२ फेब्रुवारी, सोमवार

"मराठी माध्यमाच्या पालकांनो, जूनपासून तुमच्या मुलांचे वर्ग बंद करायचं घाटतंय आणि तुम्हाला कोणी विचारलेलंसुद्धा नाही." आज सभागृहात पालकांपुढे मी सुरुवातच अशी केली. मुख्याध्यापक श्यामकांत सर पहिल्या रांगेत, डोकं मोबाइलमध्ये. शेवटी उठून म्हणाले, "वीस तारखेपर्यंत शाळेच्या मेलवर पन्नास हरकती येऊ द्यात. संस्था फेरविचार करेल. नाही आल्या तर पालकांची संमती धरू."

मेलवरच का? कागद का नाही? कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे — हे लोक साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये बारा-बारा तास उभे असतात.

मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'माझ्या मुलांचा वर्ग बंद करण्यास माझी हरकत आहे. मला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.' म्हटलं, "एक शब्द बदलू नका. खाली फक्त आपलं नाव. सगळ्यांचा आवाज एक ऐकू गेला पाहिजे." मागून आठवीतल्या दर्शनाचे वडील, कुंडलिक, म्हणाले, "बाई, आमच्यात मेल करायला कुणाला येतं?"

"शोधा कोणीतरी. मुलीसाठी एवढं कराच."

टाळ्या पडल्या. पंधरा वर्षं चौदा एप्रिलला व्यासपीठावर बोलतेय, टाळ्या ओळखता येतात. या खऱ्या होत्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

शाळेची मेलपेटी उघडली. उकिरडा आहे नुसता! केस उगवायचं तेल, परदेशात नोकरी, बक्षीस लागल्याची अभिनंदनं — दिवसाला चारशे. पालकांची पत्रं यात गाडली जाणार आणि सर हात झटकणार. त्यांना म्हटलं, सर्व्हरवर स्पॅम फिल्टर बसवायला हवा. "मग बसवा की, संघमित्राबाई. संगणक तुम्हीच शिकवता. भाषणापेक्षा बरं काम आहे."

बसवला. इंग्रजी माध्यमाची गंधाली मदतीला होती. ती म्हणाली, "मित्रा, पहिला आठवडा नुसती खूण करू दे त्याला. काय काय अडकतं बघ, मग कडक कर."

"आठवडा आहे कुठे यार?"

नियम मीच लिहिले. एकाच पत्त्यावरून एकच मजकूर तीनदा आला की चौथ्यापासून अडवायचा. पाठवणाऱ्याला कळवायचंही नाही — कचरा टाकणाऱ्याला कसली पोच द्यायची?

संध्याकाळपर्यंत पेटी लख्ख झाली. आता एकेक पत्र दिसेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

पाच पत्रं. तीन तर एकाच पत्त्यावरून आलीत, साकीनाक्याच्या कुठल्याशा गुणाजी झेरॉक्सवरून. म्हणजे दुकान आहे, सोय आहे. तरी तिघंच गेले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सहा.

आयुष्यभर वाचत आले की माणसाला हक्क समजावून सांगितला की तो उठतो. कोणी लिहिलं हे? त्याला आणून माझ्या वर्गाबाहेर उभं करा. चौऱ्याऐंशी पालकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी वाजवायला काही पडत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फाटकाशी कुंडलिक भेटले. दर्शनाचा डबा द्यायला आले होते, हाताला ग्रीस.

"पत्र पाठवलं?"

"पाठवलं ना बाई. त्याच आठवड्यात."

"आलेलं नाही. मी रोज बघते."

"अर्धा दिवस खाडा केला होता मी त्यासाठी."

"कुंडलिकराव, नसेल पाठवलं तर नाही म्हणा. दर्शनाच्या देखत खोटं कशाला?"

त्यांनी डबा तिच्या हातात दिला आणि गेले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरं झालं. कळू दे तिला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मुदत संपली. सहाच.

सर हसत नव्हते, तेच जास्त लागलं. "तुमच्या पालकांनाच नको आहे, संघमित्राबाई. तुम्ही कोणासाठी भांडताय?" सोमवारी संध्याकाळी संस्थेची बैठक. तीत शिक्कामोर्तब.

शाळा सुटताना पायरीवर उभी राहिले आणि न्यायला आलेल्यांना सुनावलं. "तुमच्या मुलांच्या वर्गाला तुम्हीच कुलूप लावलंत." एकही माणूस उलटून बोलला नाही. अंगात रक्त असतं तर बोलले असते!

२१ फेब्रुवारी, शनिवार

गंधालीला कुठल्याशा स्पर्धेचं पत्र सापडत नव्हतं. फिल्टरने अडवलेल्यांची यादी तिने उघडली. मी चहा आणायला निघाले होते. "मित्रा, थांब. हे बघ आधी."

जाहिरातींच्या ढिगात एकाहत्तर पत्रं. सगळी गुणाजी झेरॉक्सवरून. सगळ्यांत माझीच दोन वाक्यं, एक शब्दही बदललेला नाही, खाली फक्त नाव वेगळं. पहिली तीन पोचली होती. चौथं कुंडलिकांचं — ६ फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

सांगितलं तसं केलं त्यांनी. अगदी तसंच.

गंधाली हळूच म्हणाली, "तारखा जुन्याच राहतात गं. पुढे सोड पेटीत. सर्व्हर बिघडला होता म्हण. तुझं नाव कशाला यायला हवं?"

पत्रं सोडली. एकेक उघडून, नाव वाचून. सर्व्हर बिघडला नव्हता.

२२ फेब्रुवारी, रविवार

उद्या सकाळी शाळेच्या पायरीवरून करायचं भाषण लिहिलं. तीनच वाक्यं झाली. पालकांनो, तुमची एकाहत्तर पत्रं वेळेत आली होती आणि ती मी अडवली. खोटं मी बोलले, कुंडलिकराव नाही. संध्याकाळी पाच वाजता संस्थेच्या बैठकीच्या दारात या, आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून विचारा — आमची पत्रं कोणी अडवली?