प्रतिक्षाच्या हातातला पट्टा

प्रतिक्षा,

मुन्नाकाकाच्या लग्नाच्या साली मी तुझ्या मनगटावर आहे असा कागदी पट्टा पहिल्यांदा पाहिला. तू म्हणतेस, कालचा दिवस तुझ्या मैत्रिणीसंग, अफशीनसंग, हैदराबादला व्हिडिओ गेमच्या मोठ्या मेळ्यात होतीस. मग मनगटाच्या पट्ट्यावर नंबर काहून?

"आजी, त्याच्याबिगर आत सोडत न्हाईत," म्हणून हसलीस आणि चहाही न घेता झोपलीस. मला पटलं न्हाई. आपल्याकडं शर्यतीत बैलाला नंबर देतात, पाहणाऱ्याला न्हाई. तू दवाखान्यात तर नव्हतीस ना?

मी जीपने सेनगावला अफशीनला विचारायला चालले. तिचं तोंड पाहिलं की कळेल. भाकरी टोपलीत आहे, खाऊन घे. रागावू नको. मुन्नाकाकाच्या लग्नाच्या त्याच साली दिवाळीच्या पाडव्याला तुझे आजोबा असाच पट्टा हातात असताना दवाखान्यात वारले.

आजी