टाकीतला पाद्री

१२ ऑक्टोबर
आलो एकदाचे. घर बरं आहे. छपराचा पत्रा शाबूत, चूल धूर मारत नाही, मागच्या पायऱ्या उतरल्या की ओढा. जन्मभर मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळ्यांना रांधून घातलं, आता एकाच माणसाचं करायचं. तो माणूस, म्हणजे माझा नवरा क्लॅरी, सामान उतरवायच्या आधीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात. मी ओरडले, पलंग कोण उचलणार, तुझा बाप? तर म्हणे, म्हातारे, इकडे ये, या दगडाखाली काय बसलंय बघ! ही वही त्यानंच आणून दिली. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. जमेल तसं लिहीन.

२० ऑक्टोबर
व्हरांड्यातल्या जुन्या न्हाणीच्या टबात आता आंघोळ बंद. तिथं क्लॅरीची प्रजा राहते. रेल्वेत आयुष्यभर रूळ तपासले, आता दगड तपासतो. उचललेला दगड होता तसाच परत ठेवतो, म्हणे ते कुणाचं तरी छप्पर आहे. याबी धरून आणल्यात, म्हणजे इथले नांगीवाले झिंगे, बोट दिसलं की नांग्या उगारून उभे. काचेसारखी कोळंबी आहे, तिचं काळीज धडधडताना दिसतं. ठिपक्यांचे बोटभर मासे आहेत. याबी एकमेकांचे पाय तोडतात, म्हणून प्रत्येकीला फुटक्या नळाचा तुकडा, स्वतंत्र खोली. मी म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात फळी ठोकायला सांगून आठवडा झाला. त्यांची घरं आधी? हसतो नुसता. हसू दे. निवृत्त झाल्यापासून इतका हसला नव्हता.

३ नोव्हेंबर
शेजारची ऊना ट्रेलॉर आली. विधवा बाई, गाई राखते, डोक्यावर नवऱ्याची हॅट. पिण्याच्या पाण्याची टाकी उघडून बघितली आणि म्हणाली, पाणी साठवलंय की डास पाळलेत गं? पाणी अळ्यांनी वळवळत होतं. इथं सगळे टाकीत एक वाम सोडतात. लांबडा सापासारखा मासा, तो अळ्या, किडे, सगळं खातो आणि पाणी स्वच्छ राहतं. वसंतात, म्हणजे इथं आत्ताच, सोडायचा, मार्चमध्ये शरद लागायच्या आत परत ओढ्यात. क्लॅरीला काय, निमित्तच हवं होतं.

८ नोव्हेंबर
सापडला वाम. हातभर, काळा, लांब तोंडाचा. क्लॅरीनं नाव ठेवलं पाद्री. म्हणे काळा डगला आहे आणि चेहरा बघ, आत्ता वर्गणी मागेल. टाकीत सोडला.

३० नोव्हेंबर
अळी नाही एकसुद्धा. पाणी नितळ. क्लॅरी नळाखाली तोंड लावून पितो, लहान पोरासारखा. मी उकळलेला चहाच घेते, गार पाणी दातांना लागतं.

१६ फेब्रुवारी
नाताळानंतर पाऊस नाही. गवत पायाखाली मोडतं. ऊना शिडीवर चढून टाकीत बघून आली. म्हणे, त्याचे डोळे मोठे झालेत, पोट चांदीसारखं झालंय, आता तो काही खाणार नाही. असे झाले की त्यांना समुद्राकडे जायचं असतं, एकदाच जातात, परत येत नाहीत. सोडून दे.
क्लॅरीनं आकड्याला मटण लावून बघितलं. हुंगेना. खातच नाही तर गळाला कसा लागेल? म्हणजे टाकी रिकामी करणं आलं. मी सांगितलं, माशासाठी पिण्याचं पाणी ओतायला मी खुळी नाही. ऊना म्हणाली, माझ्या टाकीतलं ने की. मी म्हटलं, दुसऱ्याच्या पाण्यावर मी आजवर जगले नाही. पाऊस पडला की बघू. क्लॅरीला सोडायचा होता. पण माझ्यापुढे त्याचं कधी चाललंय?

९ मार्च
चहाला ओढ्याचा वास येतो. क्लॅरी म्हणतो पाणी गोड झालंय.

१७ मार्च
क्लॅरी चष्म्याशिवाय पेपर वाचतो. मला बरंच वाटलं. पण रविवारचं भाजलेलं मटण तसंच ठेवलं. पोट भरलंय म्हणे. कशानं? सकाळपासून नुसतं पाणी.

२३ मार्च
डॉक्टरला दाखवून झालं. म्हणे वय झालं की भूक मंदावते. काळं औषध दिलं बाटलीभर. डोळ्यांत बघितलं नाही गाढवानं. बुबुळं एवढी पसरलीत की पांढरं कडेला उरलंय. पोटावरची कातडी पत्र्यासारखी चकाकते. घासली मी, टॉवेल लावून. जात नाही.
खुर्ची ओढ्याच्या उताराकडे फिरवून बसतो. मी सरळ करते. पाठ वळली की पुन्हा तिकडेच.

२८ मार्च
भर दुपारी व्हरांड्यातल्या टबात झोपलेला. कपड्यांसकट, नाकापर्यंत पाण्यात. याबी अंगावरून फिरत होत्या. एकीनंही चावा घेतला नाही. बोट दिसलं की नांगी उगारणाऱ्या त्या. मी ओढून काढला. रागावला नाही. म्हणाला, म्हातारे, बाहेर फार कोरडं आहे गं.

२ एप्रिल
टाकी रिकामी केली. सगळं पाणी गेलं जमिनीत, जाऊ दे. ऊना मदतीला होती. तळाला गाळ. पाद्री नळाच्या तोंडात डोकं खुपसून अडकलेला, कधीचा मेलेला. बाहेर पडायला तेवढीच वाट दिसली असेल. डोक्याचं काही उरलं नव्हतं. वाहून गेलं होतं. आमच्या नळातून. आमच्या पेल्यात.
ऊना बादली पालथी घालून बसली. हॅट काढली. म्हणाली, त्याचं जायचं राहिलं आणि ते पाण्यात उतरलं. तू उकळून प्यालीस. यानं कच्चं प्यायलं.
मी म्हटलं खुळचट बोलू नकोस. मग कुजका पाद्री फडक्यात गुंडाळून ओढ्यात सोडला. जा बाबा. गेला असशील तर ह्याला सोड.

५ एप्रिल
ऊनाच्या टाकीचं पाणी आणते. पाजते. काही फरक नाही. बोटांच्या मधली कातडी —
नाही लिहीत.

७ एप्रिल
ओढ्याच्या खालच्या वळणावर सापडला. कमरेपर्यंत पाण्यात. पाणी कमी म्हणून अडकला, नाहीतर —
आत आणला. दाराला कडी. खिडक्यांना खिळे. फळी ठोकायची राहिली होती ना, ती पण ठोकली, खिडकीवर.

११ एप्रिल
ओली चादर गुंडाळून ठेवते. वाळली की त्याची कातडी तडकते. रक्त येत नाही. पाणी येतं.
ऊना कुंपणावरून ओरडली, ठेवलास तर घरातच सुकून मरेल! पाद्रीसारखा! पाऊस आला की दार उघड.
मी म्हटलं तुझा नवरा असता तर उघडलं असतंस? ती म्हणाली, माझा तसाच तर गेला गं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतात बुडाला.
मग आम्हाला वाम टाकीत सोडायला कशाला सांगितलंस? म्हणाली, वेळेत सोडला तर काही होत नाही. सांगितलं होतं ना मी? सांगितलं होतं ना?
सांगितलं होतं.

१३ एप्रिल
ढग. उभा आहे, कपाळ दाराला टेकून. ढकलत नाही. नुसता टेकून. कपाळाची साल —
बस म्हटलं, बसत नाही.
मला तो हवा आहे. कसाही. असाच. टबात ठेवीन, पाणी बदलीन, एवढंच ना —
पण ओठ तडकलेत त्याचे.

१४ एप्रिल
पाऊस. पत्र्यावर धो धो. ओढा ऐकू येतो.
खिडकीवरच्या फळीच्या फटीतून बघितलं. गवत हलतंय. वारा नाही. काळ्या ओल्या पाठी, ओढ्यापासून पायरीपर्यंत. पायरी चढत नाहीत. थांबलेत. त्याच्यासाठी.
आत्ता मला म्हणाला, म्हातारे, उघड गं. रागानं नाही. बटाटे सोलून झाले का, विचारावं तसं.
ठरवलं. रडारड नको. कडी काढली की पायऱ्यांपर्यंत मी बरोबर. हात धरून. मग सोडायचा. सोडायचाच.
पाणी फार गार असेल. एवढ्या लांब जायचं त्याला, समुद्र म्हणजे — मी कधी पाहिलासुद्धा नाही. निळा स्वेटर घेते त्याचा. त्याला आता स्वेटर कशाला म्हणा, पण —