आत्याची मधली सीट

भिवंडी, रविवार

ती. शेवंता आत्यास,

नरेंद्रचा सविनय जयभीम.

फोनवर तू 'बरं हाय' एवढं बोलून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पडवीत पडलीस तेव्हा फुटलेला चष्मा तू अजून बदललेला नसणार, तेव्हा हे तुला शेजारच्या संघरत्नावहिनी वाचून दाखवतील असं धरून चालतो. (वहिनी, जयभीम. कंसातला मजकूर कृपया मनात वाचावा. गुडघ्याची सूज उतरली का? ती स्वतः खरं सांगणार नाही.) इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला कमी झालाय, आवाज तेवढाच आहे. प्रियंका बरी आहे, पण माझ्याशी मोजकंच बोलते, त्याचं कारण पुढे येईल.

हे पत्र तुला आग्रह करण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. तू पडल्यानंतर आम्ही सगळे तुला कायमचं इकडे न्यायला आलो होतो, तेव्हा तू म्हणालीस, "तुमचीच जत्रा रिक्षात माईत न्हाय. मला काय टपावर बसवनार?" हे तू टाळण्यासाठी बोललीस की खरंच अडचण सांगितलीस, यावर मी डायरीत बरंच लिहिलं आणि बरंच खोडलं. शेवटी अडचण सांगितलीस असं मानायचं ठरवलं. अडचण असली तर काहीतरी करता येतं. टाळत असलीस तर मी काय करणार? (वहिनी, रात्री कडी लावते ना ती?)

तर झालं असं, की मी गोदामाचा मॅनेजर झालो आणि कंपनीने गाडी देऊ केली. पर्याय दोन. एक पाच जणांची, ऐसपैस डिकीची, उतरताना माणूस साहेब वाटेल अशी. दुसरी सात जणांची, डिकी नावापुरती, उतरताना माणूस वऱ्हाडी वाटेल अशी. सात जणांची हवी तर घरात माणसं वाढणार आहेत असं ऑफिसला कळवावं लागतं. मी मेलवर कळवलं, की सध्या पाच जण आहोत, एक जण वाढण्याची आशा आहे, नक्की तारीख अजून सांगता येत नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा. संध्याकाळपर्यंत बातमी कशेळीच्या गोदामातून आमच्या गल्लीत पोचली, आणि खालच्या अय्यूबभाईंची नूरीभाभी सुकामेवा घेऊन वर आली. प्रियंकाचा हात धरून म्हणाली, "अब सीढ़ी कम चढ़ने का हां." यंदा करिष्माची बारावी, प्रितेशची दहावी, आणि दारात नूरीभाभी बदाम घेऊन उभी. प्रियंकाने बदाम घेतले, दार लावलं आणि शांतपणे म्हणाली, "बेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले, आणि मलाच शेवटी कळलं."

मी सकाळी धावत एचआरच्या रीमा मॅडमकडे गेलो. म्हटलं, वाढणार आहे ती माझी आत्या. त्यांनी कॉम्प्युटरवरून मान न उचलता विचारलं, "किती महिन्यांची?" म्हटलं, एकाहत्तर वर्षांची. मग त्यांनी मान उचलली. पुढचा प्रश्न अवघड होता. आत्या तुमच्यावर अवलंबून आहे का? आता आत्या, दुसऱ्या कोणी सरळ 'हो' म्हटलं असतं. मी विचार करत बसलो. कॉलेजची तिन्ही वर्षं मी तुझ्याकडे राहिलो, तू भल्या पहाटे भाकऱ्या बांधून द्यायचीस. तू कधी कोणावर अवलंबून राहिलेली मी पाहिली नाही, मीच तुझ्यावर होतो. तसंच सांगितलं. रीमा मॅडम म्हणाल्या, "सर, मी फक्त हो की नाही विचारलं होतं." मग जरा थांबून त्यांनीच 'हो' लिहिलं. (हे खोटं झालं का, यावर मी अजून विचार करतोय.)

गाडी निवडण्याआधी तिच्यात आपण मावतो का, हे बघणं मला आवश्यक वाटलं. गोदामात जमिनीवर मारतात ती पिवळी पट्टी आणून (स्वतःच्या पैशाने, कंपनीची नव्हे) मी गाडीचं माप घरातल्या फरशीवर आखलं. गाडी हॉलपेक्षा मोठी निघाली. बॉनेट स्वयंपाकघरात गेलं, मागची सीट मोरीच्या दाराला टेकली. आठवडाभर प्रियंकाने इंजिनात भाकऱ्या थापल्या. रोज जेवणानंतर सगळ्यांनी खुर्च्या-स्टुलं मांडून आपापल्या जागी बसायचं, अशी तालीम. आमच्या गोदामाचा नियम आहे, जो माल आधी उतरायचा तो शेवटी भरायचा. तुझा गुडघा लक्षात घेतला तर तू सर्वांत शेवटी चढणार आणि आधी उतरणार, म्हणजे तुझी जागा मधल्या रांगेत, दाराजवळ, खिडकीची. तिथे मी रिकामं स्टूल ठेवलं. पहिल्याच दिवशी बाबा जाऊन त्यावर बसले. "आक्का यायची न्हाय. तिच्या नावानं जागा कशाला अडवता?" करिष्मा म्हणाली, आजोबा, ती आत्याआजीची सीट आहे. बाबा म्हणाले, लहानपणी एसटीत सगळ्या खिडक्या तिनेच घेतल्या, आता फिटंफाट. (वहिनी, हे मोठ्याने वाचलंत तरी हरकत नाही. तिला राग आला तर बरंच.)

मग खऱ्या गाडीची चाचणी. तुझ्या जागी कोणीतरी बसवणं भाग होतं, नाहीतर अंदाज कसा येणार? अय्यूबभाई आपणहून तयार झाले. त्यांचं वजन तुझ्या दीडपट, पण गुडघे सारखेच कुरकुरतात. बाबांनी खिडकी सोडली नाही, म्हणून 'आत्या' मागच्या रांगेत गेली. शोरूमच्या पोराने गाडीची पळण्याची ताकद दाखवायला आम्हाला कशेळीच्या पुलाकडे नेलं, आणि पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कापडाच्या गाठींचा टेम्पो. पूर्ण वेळ गाडी पहिल्या गिअरच्या वर गेली नाही. पोरगा म्हणत होता, "बघा सर, किती स्मूथ!" उभी गाडी स्मूथच असते, पण त्याचा उत्साह मोडवला नाही. एसी उत्तम आहे आणि हॉर्न कंटेनरलाही ऐकू जातो, एवढं मात्र खात्रीने सांगू शकतो. परत आल्यावर अय्यूबभाई मागून निघेनात. प्रितेशने हात ओढले, पोराने पाय ढकलले, आणि ते आतून ओरडत होते, "नरेंद्रभाई, आत्याला मागं बसवू नका हां! क्रेन मंगवाना पड़ेगा!" बाबा खिडकीत बसून हे सगळं बघत होते. अय्यूबभाई सुटल्यावर ते उतरले आणि कोणी न सांगता मागच्या सीटवर बसून आले. (कारण विचारलं तर म्हणाले, "सहज.")

गाडी आमच्या गल्लीत शिरणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ती अय्यूबभाईंच्या लूमच्या शेडबाहेर उभी राहील, तिथून घर चार पावलांवर आहे. येण्याची कसलीही सक्ती नाही. तुझं घर, तुझी पडवी, तुझ्या शेवग्याच्या शेंगा सोडून ये, असं म्हणायचा मला अधिकार नाही. गुडघा शेकत जा. चष्मा कर.

तुझा,
नरेंद्र

ता. क. : ऑफिसला सात जणांचीच गाडी सांगितली आहे. पुढच्या शनिवारी ती ताब्यात मिळेल, आणि रविवारी सकाळी आम्ही तुझ्या दारात असू. आग्रह नाही. फक्त एवढंच, की मी आजवर कंपनीला कधी खोटं सांगितलेलं नाही. तू आली नाहीस, तर ते पहिलं ठरेल. यावर मी पुष्कळ विचार केला आणि हा दबाव आहे असं माझ्या लक्षात आलं. तरीही वाक्य खोडत नाही.

ता. क. दुसरा (प्रियंका लिहिते) : आत्या, नमस्कार. गल्लीतल्या बायका रोज माझ्या पोटाकडे बघतात. कोणी वाढल्याशिवाय त्या ऐकायच्या नाहीत. लवकर या आणि मला मोकळी करा. बदाम तुमच्यासाठी ठेवलेत.

ता. क. तिसरा (बाबांनी पत्र हिसकावून घेतलं आहे) : आक्का, रामदासचा जयभीम. मागची सीट लई वंगाळ हाय, मी स्वतः बसून बघितली. खिडकीत तुझ्यासाठी टॉवेल टाकून ठेवनार हाय. उशीर केलास तर टॉवेल उचलून मीच बसनार.