वायरीपुरती जागा

१४ जून, रविवार

प्रिय छोट्या,

ताईचे भरभरून आशीर्वाद. बाबांचा गुडघा सोडला तर घरात सगळं ठीक. फोनवर बोलताना बाबा कान देऊन बसलेले असतात, म्हणून हे पत्र.

जाताना तू बाबांना तुझा जुना लॅपटॉप देऊन गेलास, विंडोजऐवजी लिनक्स घालून. मध्यंतरी त्याचं वायफाय बंद पडलं. तू म्हणालास, "नवा घ्या." बाबा म्हणाले, "छोट्याचा आहे, टाकायचा नाही." माझं शिवणयंत्र मात्र मला न विचारता भंगारात गेलं होतं! असो. असो कसलं, रागच आला मला.

मग मीच बसले. त्यातल्या जुन्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्सबरोबर येत नाही, वेगळा आणावा लागतो. आणायचा इंटरनेटवरून, आणि इंटरनेटसाठीच तर ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही अन् वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. शेवटी माझा फोन वायरीने लॅपटॉपला जोडला आणि त्याचं नेट दिलं. ड्रायव्हर सापडेपर्यंत तुझे रविवारचे व्हिडिओ फोन तसेच झाले. वायर ढिली, हाताने धरून ठेवावी लागायची, म्हणून मी बाबांना चिकटून बसायचे. "ताई, केस कापलेस?" असं तू विचारलंस, आठवतं? किती दिवसांनी माझ्याकडे बघितलंस!

मग ड्रायव्हर बसला, वायफाय लागलं. मी ओरडलेच. बाबा म्हणाले, "छोट्याने सांगितलं असेल ना तुला?" पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. त्या रविवारी लॅपटॉप घेऊन ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. मला स्वयंपाकघरात तुमचं हसू ऐकू येत होतं. जळले मी. तुझ्यावरच जळले.

परवा लिनक्सचं मोठं अपडेट आलं. त्यानंतर वायफाय पुन्हा बंद, हा ड्रायव्हर परत बसवावा लागतो. एका ओळीची कमांड आहे, मला पाठ आहे. बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "कार्डच जुनं, बाबा."

तुला हे लगेच कळेल, म्हणून आधीच सांगते. बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना एवढंच सांग, दार उघडं ठेवून बोलत जा. त्याच दिवशी कमांड टाकते.

हाक मारतायत बघ, "अगं, वायर आण, छोट्याचा फोन येईल!"

वायर धरून बसणारी,
तुझी ताई