पाठमोरे प्रसंग

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली आहे, म्हणून बऱ्याच वर्षांनी हे पत्र. हिचा गुडघा तसाच आहे. चिमणी महिनाभर माहेरी आली आहे आणि आल्यापासून माझ्या खाण्यावर पहारा देते आहे.

मोठी बातमी अशी, की आपल्या चौथ्याला पुन्हा चांगले दिवस आलेत! त्या परदेशी गुप्तहेराच्या सिनेमांत आतापर्यंत सात नट झाले, पण लोकांना हवा असतो तो चौथाच. त्याचे पाचही सिनेमे कंपनी साफसूफ करून पुन्हा लावते आहे. आपल्या भाषेतला त्याचा आवाज माझा, म्हणून पुस्तिकेत आवडत्या प्रसंगांवर मी लेख लिहावा असं म्हणतात. आता गंमत बघ, प्रसंग आठवतात, पण त्यांतली वाक्यं तुला कशी सुचली होती ते आठवत नाही. तुझ्या वह्या आहेत का? असतील तर पाठव, आणि थोडं सविस्तर लिही. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढण्यात पत्र संपवू नकोस.

माया आहेच, ती वह्यांच्या पार्सलात भरून पाठव.

तुझा,
घोगऱ्या

*

ता. १२ फेब्रुवारी

चि. घोगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुझं पत्र ओळखलं. पाचवीनंतर ते सुधारलेलं नाही. वह्या आहेत, का नसतील? प्रेसमधून निवृत्त होताना मी खणातून दोनच गोष्टी घरी आणल्या, लाल पेन्सिली आणि या वह्या.

सुचलं कसं, म्हणून विचारतोस. अरे, सुचायला जागा त्यानेच दिली. तोंड समोर असलं की आपण त्याच्या ओठांचे गुलाम. त्याचं तोंड मिटतं तिथे आपला शब्द मिटला पाहिजे. पण चौथ्याला एक खोड होती. काही महत्त्वाचं बोलायचं झालं की तो पाठ फिरवायचा. पाठ फिरली की ओठ दिसत नाहीत, आणि मग आपलंच राज्य! माझे लाडके प्रसंग सगळे पाठमोरे आहेत.

पहिला लाँड्रीतला. ज्या साहेबाने त्याला घडवलं त्यानेच त्याला शत्रूला विकलं आहे, हे चौथ्याला कळलेलं आहे. तो शर्टाला इस्त्री करत उभा असतो, साहेब मागे. मुळात तो फक्त उशीर झाला, एवढंच म्हणतो. मी लिहिलं, 'कॉलर नीट करा, सर. फितुराचाही फोटो छापून येतो.' एका मंत्र्याच्या फोटोखालची ओळ तपासताना सुचलं होतं हे. इतकं हसले की कंपोझिटर खिळे जुळवणं टाकून बघायला आला.

दुसरा लिफ्टचा. दार बंद होतं आणि नुसता आवाज येतो, 'वर नेणारे खूप भेटले. खाली सोडायला आलेली तू पहिलीच.' हे आई गेली त्या आठवड्यातलं आहे. हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्यावरून मी एकटी खाली येत होते. पाळी संपवून निघालेली एक नर्स माझं तोंड बघून माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली आणि फाटकापर्यंत आली. तिच्यासाठी लिहिलं ते वाक्य. हे तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाकीचं वह्यांत आहे. शेवटच्या सिनेमातलं फलाटावरचं वाक्य मात्र नाही. तेव्हा जवळ कागद नव्हता, म्हणून स्टुडिओच्या बाकावर बसून तुझ्या तळहातावर लिहिलं होतं. तो सिनेमा आठवडाभरात उतरला आणि वाक्यही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. भेटलास की सांगेन. वह्या जपून परत कर.

मनात ठेवतोसच मला, तशीच ठेव.

ताई

*

ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पुस्तिका छापून आली! बाबा पाठवतील पाठवतील म्हणून वाट पाहिली, शेवटी मीच पाठवते आहे. पान सहा आधी वाच. आजी गेली तेव्हा लिफ्टमध्ये बाबांना त्या नर्सची सोबत झाली आणि त्यातून ते वाक्य त्यांना सुचलं, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मी तर रडलेच. आई म्हणाली, माणूस आतून किती खोल असतो, तीस वर्षं संसार करूनही कळत नाही.

नव्या प्रतींवर 'संवाद आणि आवाज' असं बाबांचं नाव मोठ्या अक्षरांत येणार आहे. नावांची यादी तीस तारखेला बंद होते, मग म्हणे कायमचं. एक अडचण मात्र आली आहे. शेवटच्या सिनेमाच्या फलाटावरच्या प्रसंगाचा आवाज बुरशीने खाल्ला आहे. कंपनी म्हणते, लेखक तुम्हीच आहात, वाक्य पुन्हा लिहा आणि बोलून द्या. तेव्हापासून बाबा पेन्सिल चावत घरभर फिरतात आणि आईवर खेकसतात. तू त्यांना दोन धीराच्या ओळी लिही ना. तुझं ते ऐकतात.

लवकर ये, तुझ्यावाचून घरात माझी थट्टा करणारं कुणी नाही.

तुझी,
चिमणी

*

ता. १३ मार्च

चि. घोगऱ्यास,
आशीर्वाद.

चिमणीने पुस्तिका पाठवली. पोरीला वाटलं, आत्याला आनंद होईल. तिला मी काही कळवलेलं नाही. ते काम तुझं आहे.

तुझा लेख मी सवयीने पेन्सिल हातात घेऊन तीनदा वाचला. एकही चूक सापडली नाही. सापडेल कशी? वाक्यं माझीच आहेत. जिथे 'ताई' हवं तिथे तू 'मी' घातलं आहेस, एवढाच काय तो फरक. फितुराचा फोटो तुला माइकसमोर उभ्याउभ्या सुचला म्हणे. सुचू दे. पण लिफ्ट? आई गेली त्या सकाळी तू कुठे होतास? परगावी होतास, संध्याकाळी पोचलास. त्या बाईचा चेहरा तू पाहिलेला नाहीस. वाक्य उचललंस ते मी चोरी म्हणून एक वेळ सोडून देईन. तू माझी ती सकाळ उचललीस. माझं रडणं तू तुझ्या नावावर छापलंस, आणि त्यावर तुझी लेक रडली!

इतिहास असाच लिहिला जातो, घोगऱ्या. ज्याच्या हातात माइक, त्याचं वाक्य. राजांचे खलिते कुणी लिहिले, विचार कुणाला. जाडजूड ग्रंथांच्या पहिल्या पानावर 'हिच्या मदतीशिवाय हे शक्य नव्हते' अशी एक ओळ असते. त्या एका ओळीत कितीजणींना निकालात काढलं असेल! त्या ओळी मी चाळीस वर्षं तपासल्या आणि दरवेळी दात खाल्ले. तू तर मला ती ओळही दिली नाहीस.

तेव्हा तू म्हणायचास, कंपनी लिहिणाऱ्यांची नावं देत नाही, मलाही वाईट वाटतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. आता तर नावं द्यायची आहेत ना? मग जा आणि माझं नाव सांग. आणि वह्या परत पाठव, या आठवड्यातच.

उत्तर आलं की पुढचं.

ताई

*

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

चार दिवस पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. पहिल्यांदा लिहिलं होतं, की जागा कमी पडली म्हणून त्यांनी तुझा उल्लेख कापला. ते खोटं आहे. उल्लेख नव्हताच. वह्या कालच रजिस्टर्ड टपालाने पाठवल्या.

लिहायला बसलोच आहे तर सगळंच लिहितो. कंपनी तेव्हाही नावं देत होती. पहिल्या सिनेमाच्या वेळी मॅनेजरने विचारलं, हे झकास कुणी लिहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मीच. मग पुढचे चार सिनेमे ते निस्तरता आलं नाही. नावं अगदी शेवटी यायची. सिनेमा संपत आला की मी तुला दंडाला धरून उठवायचो, गर्दीत धक्के लागतील म्हणायचो. तू शेजारणींना सांगायचीस, भाऊ किती जपतो.

एवढं कबूल केल्यावर मागायची लाज वाटते, तरी मागतो. फलाटावरचं वाक्य पाठव. मी सत्तावीस वाक्यं लिहिली, सगळी सत्कार समारंभातली वाटतात. तीसच्या आत दिलं नाही तर त्यांना कळेल की लिहिणारा मी नव्हे. पहिल्या खेळाला चिमणीच्या सासरचे सगळे येणार आहेत. एवढ्या वेळेपुरतं माझं नाव राहू दे. पुढे योग्य वेळ पाहून मी स्वतः सांगेन, शपथेवर. तुला आता ते सिनेमे ऐकूही येणार नाहीत, हे मी म्हणत नाही. तू मोठी आहेस, एवढंच म्हणतो.

रागव, पण तोडू नकोस.

तुझाच,
घोगऱ्या

*

ता. २६ मार्च

चि. घोगऱ्यास,

पत्र मिळालं, वह्याही मिळाल्या. तू खरं लिहिलंस म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुझी पकड आता दंडावर जाणवते. तेव्हा जाणवली नव्हती.

तुझी योग्य वेळ तीस वर्षांत आली नाही. म्हणून काल वह्या घेऊन मी कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंचं बोलणं मला ऐकू येईना, तेव्हा त्या प्रश्न कागदावर लिहीत होत्या आणि मी तोंडी उत्तरं देत होते. वह्यांतल्या तारखा त्यांनी आपल्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या, तुझं पत्रही वाचलं. मग फलाटावरचं वाक्य विचारलं. फितूर साहेब त्याला गाडीपर्यंत सोडायला येतो, चौथा पाठ फिरवून चालू लागतो, ती जागा. मी लिहून दिलं, 'विकलंत ते समजलं. पोचवायला कशाला आलात?' खाली सही केली.

यादीत 'संवाद' या शब्दापुढे आता माझं नाव आहे. 'आवाज' या शब्दापुढे तुझं होतं ते तसंच आहे. ते तुझंच आहे.

ध्वनिमुद्रण गुरुवारी सकाळी अकराला आहे. 'पोचवायला'च्या आधी श्वास घेऊ नकोस, वाक्य रडकं होईल. काचेच्या अलीकडे मी बसलेली असेन, लेखिका म्हणून. चिमणीला आणि वहिनीला त्याआधी तू सांग. मी सांगितलं तर तुझं एक अवघड काम मी केलं असं होईल, आणि तुझी कामं करणं मी थांबवलं आहे.

निघताना बाईंनी आणखी एक प्रश्न लिहिला. तू आला नाहीस तर या एका प्रसंगाला दुसऱ्या कुणाचा आवाज घेतलेला चालेल का?

मी नाही म्हणाले नाही.

लोभाचं गुरुवारनंतर बघू.

ताई