नव्या दाताचा हंगाम

१२ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. आधी गुडघ्यांचं कळवा, मग बाकीचं. डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता की खुंटीला लावून ठेवलाय? मी तुम्हाला पुरती ओळखून आहे. मी इकडे खणखणीत, काळजी नसावी.

मका असा आलाय की विचारू नका. सोसायटीचं कापणी यंत्र एक आणि शेतं एकसष्ट. त्यामुळे दरवर्षीप्रमाणे पाळीवरून भांडणं झाली, दरवर्षीप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याची पाळी शेवटी आली त्याने दरवर्षीप्रमाणे चिठ्ठ्यांत घोळ असल्याचं जाहीर केलं. यंदा तो मान खुद्द अध्यक्षांना मिळाला, म्हणून बिचाऱ्यांना ओरडायचीही सोय राहिली नाही. तुमच्या तुकड्याची कापणी गेल्या मंगळवारी झाली. मी बांधावर उभी होते. कणसं माझ्या मनगटाएवढी, आणि माझं मनगट काही नाजूक नाही.

मी आपली जागेवर, वजनकाट्याशेजारच्या खोलीत. ट्रॉली आली की चारही कोपऱ्यांतून दाणा काढायचा आणि दाताखाली धरायचा. कट् वाजला तर सुका, माल थेट कोठीत. नुसता दबला तर ओला, ड्रायरला पाठवायचा. ओल मोजायचं मीटर आहे, पण ते आकडा दाखवीपर्यंत बाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, म्हणून ते शंका आली तरच काढायचं. बावीस वर्षं झाली, बाईचा दात खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. मीही तेच म्हणते, खोटी नम्रता मला जमत नाही.

ड्रायरवर तोच, थंडोबा. तुम्हाला आठवत असेल, वरच्या आळीचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, तीन थोरल्या बहिणींचा धाकटा. इतक्या तापलेल्या यंत्रावर इतका गार माणूस कोणी नेमला, देव जाणे. आग लागली तरी आधी बटणं लावील आणि मग उठेल. पण काम चोख.

थंडीची तयारीही सुरू झाली. लाकूड फोडायचं यंत्र सोसायटीने घरोघर फिरवलं. माझे ओंडके फोडून, भिंतीला लावून रचूनही झाले. थंडोबाने रचले, तो तिकडून चाललाच होता. पाणी गोठू नये म्हणून नळाला गोणपाट गुंडाळायचं होतं, तेही त्यानेच केलं. खिडकीच्या फटी बुजवायच्या आहेत, रविवारी बघतो म्हणालाय.

हो, एक राहिलंच. पुढचे दोन दात बसवून घेतले. नऊ वर्षं तिथे खिंड होती, आणि डॉक्टरने आता पूल बांधलाय. शेजारच्या दातांवरही टोप्या चढवल्या. खाताना त्रास व्हायचा म्हणून केलं, दुसरं काही नाही.

अजून थोडं लिहायचं होतं, पण बाहेर ट्रॉलीवाला हॉर्न वाजवून डोकं उठवतोय. पट्टा बांधा.

तुमची,
वहिनी

२९ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. हे पत्र बसून वाचा. वाईट काही नाही, पण बसा.

माझ्या हातून, म्हणजे माझ्या तोंडून, एक घोळ झाला. गेल्या पत्रात लिहिलं होतं ना, नवे दात बसवले? त्यातली एक टोपी नेमकी त्या दातावर होती ज्याने मी दाणा फोडते. हे मला बाई सुचलंच नाही. टोपी दगडासारखी कडक. तिच्याखाली ओला दाणाही कट् वाजायचा. तीन दिवस जी ट्रॉली येईल ती सुकी. मी पास, पास, पास करत सुटले आणि तेरा ट्रॉल्या थेट कोठी नंबर तीनमध्ये गेल्या.

आता कोणीही म्हणेल, ड्रायरवाल्याला तरी शंका यायला हवी होती. तीन दिवस त्याच्याकडे एक ट्रॉली गेली नाही. त्याने काय करावं? ड्रायर पुसला, पट्ट्याला तेल दिलं, आणि काम नाही म्हणून माझ्या खोलीत येऊन बसला. आम्ही चहा प्यायलो. यंदा माल किती छान वाळून आलाय, यावर आमचं एकमत झालं. वन्सं, दोन जाणती माणसं, मिळून एकशेपंधरा वर्षांची, आणि अक्कल दोघांची मिळून मुठीत मावेल एवढी.

चौथ्या दिवशी सकाळी कोठीजवळून आंबूस वास आला. मी पत्र्याला हात लावला तर पत्रा कोमट. त्या कोठीत एकोणीस घरांच्या गुरा-कोंबड्यांचा हिवाळाभराचा दाणा होता. ओला माल आतून तापत गेला की आठवड्यात सगळा काळा पडतो, आणि एकदा बर्फ पडून डोंगरातला रस्ता बंद झाला की दाणा आणायचा कुठून? मी धावत ऑफिसात गेले आणि सायरन दाबला. आग लागल्यावर दाबायचा तो.

सगळं गाव फावडी घेऊन आलं. कापणी यंत्र थांबवलं. कोठीचं खालचं दार उघडलं, वाफ निघाली, आणि आम्ही मका उपसायला लागलो. अंगणात पसरला, रस्त्यावर पसरला, शाळेच्या पटांगणात पसरला. पोरांना सुट्टी मिळाली, ती खूश. ऊन नशिबाने कडक होतं. दुपारपर्यंत नुसती फावडी चालत होती. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागत होतं.

भाकरतुकडा खायला सगळे बसले तेव्हा अध्यक्षांनी विचारलंच. मी सांगून टाकलं, दात नवा आहे, टोपी आहे, मला कळलं नाही, चूक सगळी माझी, उद्यापासून मी काम सोडते. अध्यक्ष म्हणाले, नऊ वर्षं त्या खिंडीने भागलं, मग भर हंगामात दात बसवायची अवदसा कुठून आठवली?

खाताना त्रास होतो, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या हातात अर्धी भाकरी होती.

तेवढ्यात थंडोबा उठला. सावकाशच उठला. फावडं भिंतीला टेकवलं, हात पुसले, आणि साठ माणसांसमोर म्हणाला, "त्यांना बोलू नका. हसताना त्या तोंडावर हात धरतात. मीच म्हटलं होतं, एकदा हात काढून हसा, मला बघायचंय."

वन्सं, साठ माना माझ्याकडे वळल्या. आणि मग मला हसू आलं. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा, पण असं आलं की थांबेना, आणि हात तोंडावर न्यायचं राहून गेलं. मग मागून कोणीतरी फुसकन हसलं, आणि पाहता पाहता सगळं अंगण हसायला लागलं. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, दात पास, माल नापास, चला आता उठा. दोन दिवस ड्रायर एक मिनिट बंद नव्हता. दोन पोती गेली, बाकी सगळा दाणा वाचला. माझं काम राहिलं. फक्त आता प्रत्येक ट्रॉलीला मीटर लावायचं असा ठराव झालाय, आणि रांगेतले लोक मुद्दाम विचारतात, बाई, आज दाताची तब्येत कशी आहे.

आता खरं ते लिहिते. त्याने मला विचारलंय. या घटनेच्या आधीच विचारलं होतं, दात बसवायच्याही आधी. हंगाम संपला, ड्रायर बंद झाला, यंत्रांना ग्रीस लावून शेडमध्ये घातली, की नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लग्न करू म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला हो म्हणायचंय. सकाळी कामाला जाताना मी चक्क गुणगुणते, आणि माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे.

माझं अडलंय ते तुमच्यापाशी.

परवानगी मागत नाही. छप्पन्न वर्षांच्या बाईने परवानगी मागू नये, हे तुम्हीच मला म्हणाल. पण तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही नोकरीवर बिनपगारी रजा टाकून अख्खा हिवाळा माझ्याजवळ राहिलात. मी जेवत नव्हते तेव्हा ताटाला ताट लावून बसायचात, आणि मी घास घेईपर्यंत स्वतः घ्यायचा नाहीत. उपाशी राहून मला जेवायला लावलंत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या नावाने जोडलेलं एकच माणूस माझ्याकडे उरलंय, ते तुम्ही. उद्या मी दुसऱ्या घरची झाले तर मी तुमची कोण? कोणत्या तोंडाने वन्सं म्हणू? त्याच्या तिन्ही बहिणी चांगल्या आहेत, मला नणंदा मिळतील, एक सोडून तीन. पण मला बदली नकोय. आईवडील नाहीत, भाऊबहीण कधी नव्हतंच. तुम्ही दुरावणार असाल तर मी आहे तिथे बरी आहे, हे मी रागाने लिहीत नाही, अगदी विचार करून लिहितेय.

जे वाटेल ते लिहा. गोड करून लिहू नका.

तुमची,
वहिनी

५ नोव्हेंबर

वहिनी,

पट्टा बांधते. आता ऐक.

तुझ्या पहिल्या पत्रातच मला कळलं. माझ्या शेताला तू चार ओळी दिल्यास, आणि त्या थंडोबाने ओंडके, नळ आणि खिडक्या मिळून अख्खं पान खाल्लं. दात बसवले खाण्यासाठी म्हणे. नऊ वर्षं काय हवा खात होतीस? मी शेजारणीला पत्र वाचून दाखवलं, तीही हसली. मी गप्प बसले, कारण तू आपणहून सांगावंस असं वाटत होतं.

गोड करून लिहू नको म्हणालीस, म्हणून सांगते. दुसरं पत्र वाचून मी रडले. दादाची आठवण आली. त्याच्या उंबऱ्यातून तू बाहेर पडणार, हे डोळ्यांपुढे आलं. अर्धा दिवस मी तुझ्यावर रागावले होते, खोटं कशाला बोलू? मग संध्याकाळी भाजी निवडताना मला तुमचं लग्न आठवलं.

तुला आठवतं का माहीत नाही. आमच्याकडून शंभर माणसं होती, आणि मी मुलाकडची म्हणून नुसती मिरवत होते. पाणी गार नाही, खुर्च्या कमी आहेत, कशालाही नाक मुरडत होते. तुझ्याकडून फक्त तुझी आई, एकटी. शंभर माणसांचं मन राखता राखता ती दिवसभर बसली नाही, आणि मीच तिला तीनदा चहा गार म्हणून परत पाठवला. ती तुझ्या पाठवणीलाही स्वयंपाकघरात होती. इतकी वर्षं मी हे तुला बोलले नाही. लाज वाटते मला त्याची, अजून वाटते.

आणि तू मला विचारतेस, मी तुमची कोण? अगं, तो हिवाळा मी तुझ्याजवळ राहिले तो तुझ्यासाठी, असं तू समजतेस. मलाही माझा भाऊ गेला होता. तुझ्या ताटासमोर बसल्यावरच माझ्याही घशाखाली घास उतरायचा. दादामुळे आपण भेटलो, इतकंच. पुढचं सगळं आपण दोघींनी केलंय, त्यात त्याचा हात नाही.

त्या थंडोबाला हो म्हण. आजच म्हण, नाहीतर बटणं लावता लावता त्याचं म्हातारपण संपेल.

मी बावीस तारखेची गाडी पकडून आठ दिवस आधी येते. गुडघ्यांची चिंता करू नकोस, काठी आणतेय, ती कामाला येईल. त्याच्या तिन्ही बहिणींना निरोप दे की चहा कितीही वेळा परत पाठवा, मी हसत गरम करून आणीन, पण पाठवणीच्या वेळी मी स्वयंपाकघरात नसेन. तुझ्या शेजारी उभी असेन.

तुझी वन्सं,
मुलीकडची